हवाई अंतराचा हिशेब : पाचशेच्या अलीकडे की पलीकडे?

लोहारा, खास प्रतिनिधी :

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे वेळापत्रक कोलमडले. वैमानिकांच्या विश्रांतीबाबतचे नवे नियम लागू झाल्यानंतर इंडिगोची शेकडो उड्डाणे रद्द झाली आणि उरलेल्या जागांचे भाडे गगनाला भिडले. अखेर ६ डिसेंबर रोजी केंद्र सरकारने देशांतर्गत भाड्यांवर कमाल मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरसाठी १२,००० रुपये, १,००० ते १,५०० साठी १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये, असे चार टप्पे ठरले. कर, विमानतळ शुल्के, बिझनेस क्लास आणि 'उडान' योजनेतील फेऱ्या त्यातून वगळण्यात आल्या. प्रवाशांना दिलासा देणारा हा निर्णय होता, यात शंका नाही. मात्र त्याने एक जुनाच प्रश्न नव्याने पुढे आणला. विमानाने कापलेले अंतर नेमके मोजायचे कसे?

हा प्रश्न केवळ भूगोलाच्या तासापुरता नाही. पुणे आणि हैदराबाद या दोन विमानतळांचेच उदाहरण घेता येईल. या दोहोंमधील हवाई अंतर काढले तर उत्तर येते जवळजवळ बरोबर ५०० किलोमीटर. म्हणजे हा मार्ग सरकारी टप्प्याच्या अगदी काठावर उभा होता. काठाच्या अलीकडे कमाल भाडे ७,५०० रुपये आणि पलीकडे १२,००० रुपये होते. एका तिकिटामागे साडेचार हजारांचा, तर चौघांच्या कुटुंबामागे १८ हजारांचा फरक काही शे मीटरांवर अवलंबून राहू शकत होता.

योगायोग असा की, पुणे-हैदराबाद या काल्पनिक सरळ रेषेचा मध्यबिंदू धाराशिव जिल्ह्यात येतो. नळदुर्ग आणि लोहारा यांच्या दरम्यानच्या शिवारावरून ही रेषा जाते. १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेले सास्तूर ज्या तालुक्यात आहे, तोच हा लोहारा तालुका. येथून पुण्याचे विमानतळही सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपास आणि हैदराबादचेही तेवढेच. दोन महानगरांच्या बरोबर मध्ये असलेल्या या तालुक्याला हवाई अंतराचे कोडे इतरांपेक्षा अधिक जवळचे आहे.

काठावरचा आकडा

पुणे-हैदराबाद रस्त्याने जायचे तर सोलापूर, नळदुर्ग, उमरगा या मार्गाने साधारण ५६० किलोमीटर पडतात. रस्ता वळणे घेतो, घाट चढतो, गावे टाळतो. हवाई अंतराचे तसे नाही. ते दोन बिंदूंमधील सर्वांत कमी अंतर असते आणि दोन बिंदू निश्चित असले की उत्तरही निश्चित असायला हवे, असे कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात येथेही पळवाटा आहेत. पृथ्वी हा ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा अचूक गोल आहे, असे गृहीत धरून हिशेब केला तर पुणे-हैदराबाद हे अंतर ५०० च्या किंचित आत राहते. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, हे लक्षात घेऊन अधिक काटेकोर सूत्र वापरले तर तेच अंतर ५०० च्या किंचित बाहेर जाते. दोन्ही उत्तरांतील फरक अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. विमानतळाचा संदर्भबिंदू म्हणून धावपट्टीचा मध्य घ्यायचा, तिचे टोक घ्यायचे की टर्मिनलची इमारत, यावरही उत्तर तेवढेच सरकू शकते. धावपट्टीच मुळी दोन-चार किलोमीटर लांबीची असते, हे येथे ध्यानात घ्यावे लागेल.

मुंबई-दिल्ली मार्गाला याची झळ नाही. ते अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. अर्धा किलोमीटर इकडे-तिकडे झाल्याने टप्पा बदलत नाही. प्रश्न येतो तो काठावरच्या मार्गांचा. आणि नियम जेव्हा पैशांत मोजला जातो तेव्हा काठावरचा प्रवासीही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

पाचशे किलोमीटरचा हा आकडा हवाई धोरणात नवा नाही. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या 'उडान' या प्रादेशिक विमानसेवा योजनेतही साधारण ५०० किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये ही भाडेमर्यादा आधारभूत मानली गेली होती. भाडे आणि कंपन्यांना मिळणारे अर्थसाह्य, दोन्ही टप्प्याच्या लांबीशी जोडलेले होते. हवाई मार्गदर्शन सेवेचे शुल्कदेखील विमानाचे वजन आणि अंतर यांच्या सूत्रावर आकारले जाते. अंतर हे विमान व्यवसायातील चलनच आहे.

सपाट नकाशाची फसगत

दोन विमानतळ जितके दूर, तितकी ही फसगत मोठी. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना जोडणारी सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तान आणि उत्तर आफ्रिका ओलांडून अटलांटिक महासागरावरून जाते. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने काढलेल्या नकाशावर हीच रेघ प्रत्यक्षात धरली तर अंतर भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. दोन्ही शहरांतील सर्वांत कमी अंतर मात्र सुमारे १२,५४० किलोमीटरच आहे. म्हणजे नकाशावर सरळ दिसणारी वाट तब्बल १,६०० किलोमीटरहून अधिक लांबची आहे.

याचे कारण सोपे आहे. पृथ्वीच्या गोळ्यावर दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळची वाट नेहमी महावृत्तावरून जाते. ज्या वर्तुळाचे केंद्र हेच पृथ्वीचेही केंद्र असते, ते महावृत्त. घरातील पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये दोरा ताणून धरला की ही वाट डोळ्यांना दिसते. तो दोरा मुंबईहून पश्चिमेकडे न जाता वायव्येकडे, उत्तरेला अधिक झुकून निघतो. सिंध, अफगाणिस्तान आणि मध्य आशिया ओलांडून तो रशियावर येतो. तेथून स्कँडिनेव्हिया, पुढे ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडा आणि मग न्यूयॉर्क. वाटेत तो जवळपास ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो.

हे अंतर काढण्यासाठी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश आणि थोडी त्रिकोणमिती एवढेच पुरेसे असते. तिचा पाया असलेले 'साइन' हे फल मूळचे भारतीय गणितातील 'ज्या'. तो शब्द अरबीतून लॅटिनमध्ये जाताना रूप बदलत गेला. आज संगणकावर हे गणित क्षणात होते. तरीही गोल मानायचा की चपटा गोल, हा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे, तर ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर. या एकवीस किलोमीटरच्या तफावतीमुळे अंतराच्या उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या अंतरात अर्धा टक्का म्हणजे साठ किलोमीटर होतात.

बीदरची पायारेषा

पृथ्वी किती चपटी आहे, हे ठरवण्यात या परिसराचाही वाटा आहे. विल्यम लँबटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, ते दख्खन ओलांडत उत्तरेकडे सरकत गेले. १८१५ मध्ये त्यांनी बीदर परिसरात आणखी एक पायारेषा मोजली. पोलादी साखळी आडवी ठेवत इंचाइंचाने केलेले ते काम होते. लोहाऱ्यापासून बीदर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. लँबटन यांचे निधन २० जानेवारी १८२३ रोजी महाराष्ट्रातच, हिंगणघाट येथे झाले आणि त्यांची कबरही तेथेच आहे. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले. त्यातून १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे मापन सिद्ध झाले, ते 'एव्हरेस्ट लंबगोल' म्हणून भारतीय नकाशांचा दीर्घकाळ आधार होते.

हे मापन भारतापुरते उत्तम होते. मात्र प्रत्येक देशाने आपापला लंबगोल वापरला तर आंतरराष्ट्रीय विमानाचा ताळमेळ बसणार कसा? एकाच धावपट्टीचे जुन्या आणि नव्या पद्धतीतील अक्षांश-रेखांश शे-दोनशे मीटरांनी वेगळे येऊ शकतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १ जानेवारी १९९८ पासून सर्व देशांसाठी 'डब्ल्यूजीएस-८४' ही उपग्रहाधारित प्रणाली प्रमाण मानली. प्रत्येक विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू आता याच प्रणालीत प्रसिद्ध केला जातो. थोडक्यात, अचूक मोजमापाचे साधन तयार आहे. प्रश्न ते नियमात लिहिण्याचा आहे.

मोजलेले अंतर आणि उडलेले अंतर

महावृत्ताचे अंतर हे कागदावरचे किमान अंतर. विमान मात्र क्वचितच तेवढेच उडते. आकाशातही रस्ते आहेत, निषिद्ध क्षेत्रे आहेत आणि सीमाही आहेत.

पहलगाम येथील २२ एप्रिल २०२५ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर दोनच दिवसांत पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. ३० एप्रिल रोजी भारतानेही तशीच बंदी घातली. नंतर दोन्ही बाजूंनी मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. दिल्ली आणि न्यूयॉर्क यांच्यातील महावृत्ताचे अंतर यामुळे एका मीटरनेही बदलले नाही. तथापि दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे निघालेल्या भारतीय विमानाला आधी गुजरातच्या दिशेने खाली उतरून अरबी समुद्र गाठण्याचा द्राविडी प्राणायाम करावा लागला. काही फेऱ्यांना वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबावे लागले. बंदी वर्षभर राहिल्यास सुमारे ६० कोटी डॉलरचा जादा भार पडेल, असा अंदाज एअर इंडियाने सरकारला कळवला होता. दिल्ली-वॉशिंग्टन थेट सेवा कंपनीने १ सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. विमानांच्या नूतनीकरणामुळे निर्माण झालेला तुटवडा आणि पाकिस्तानी हद्दीची बंदी, ही दोन कारणे त्यासाठी देण्यात आली.

हा अनुभव पहिलाच नव्हता. बालाकोटनंतर, फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळातील बंदीमुळे एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. मुंबईहून सुटणाऱ्या विमानांना अशा बंदीची झळ दिल्लीच्या मानाने कमी बसते, कारण त्यांना समुद्र जवळ आहे. दख्खनमधील प्रवाशाच्या दृष्टीने ही लक्षात ठेवण्याजोगी बाब ठरते.

याच्या उलट, लांबची वाट कधीकधी लवकर पोहोचवते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान नेहमीच्या अटलांटिक मार्गाऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून नेले. अटलांटिक मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा, तर हा सुमारे १५,३०० किलोमीटरचा. तरीही पाठीवर वारा घेऊन विमान साडेचौदा तासांत पोहोचले आणि जवळपास दोन तास वाचले. १,४०० किलोमीटर जास्त उडून वेळ कमी लागला! पुढे जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखालील महिला वैमानिकांच्या चमूने सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू हे सुमारे १४,००० किलोमीटरचे अंतर उत्तर ध्रुवावरून पार केले. तेथे महावृत्त आणि प्रत्यक्ष मार्ग एकमेकांच्या बरेच जवळ आले होते.

देशांतर्गत आकाशातही वळसे आहेत. नागरी विमानांना भारताच्या हवाई क्षेत्रापैकी केवळ ६० टक्के भागच मोकळेपणाने उपलब्ध आहे आणि निर्बंध शिथिल केल्यास वर्षाला सुमारे १,००० कोटी रुपयांची बचत होईल, असे तत्कालीन परिस्थितीबाबत केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मे २०२० मध्ये सांगितले होते. पुण्याचे लोहगाव विमानतळ मूळचे हवाई दलाचे. बीदरला हवाई दलाचा प्रशिक्षण तळ आहे. संरक्षणाची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु प्रत्येक वळशाचे इंधन अखेर तिकिटातूनच वसूल होते, हेही तितकेच खरे.

म्हणूनच कार्बन उत्सर्जनाचा हिशेब करताना आंतरराष्ट्रीय संघटना केवळ महावृत्ताच्या अंतरावर थांबत नाही. तिच्या पद्धतीत ५५० किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या उड्डाणात ५० किलोमीटर, ५५० ते ५,५०० पर्यंत १०० आणि त्यापुढे १२५ किलोमीटर मिळवले जातात. वळसा गृहीत धरण्याची ही प्रामाणिक रीत म्हणावी लागेल.

किलोमीटर की मिनिटे?

भारतातील नियमांत मात्र एकच माप नाही, हे विशेष. उड्डाण रद्द झाल्यास प्रवाशाला मिळणारी भरपाई अंतरावर नव्हे, तर वेळेवर ठरते. तासाभरापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५०० आणि त्याहून अधिक वेळेला १०,००० रुपये, किंवा मूळ एकेरी भाडे आणि इंधन आकार, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या करोनाकाळातील भाडेमर्यादाही प्रवासाच्या मिनिटांवर बेतलेली होती. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र सरकारने किलोमीटरचा आधार घेतला.

दोन्ही मापांना आपापले गुणदोष आहेत. प्रवासाची वेळ कंपनीच वेळापत्रकात जाहीर करते आणि ती सोयीने थोडी वाढवूनही लावता येते. अंतर तसे वाढवता येत नाही. या दृष्टीने किलोमीटरचा आधार अधिक निष्पक्ष म्हणता येईल. पण त्याला एक अट आहे. मोजण्याची पद्धत नियमातच स्पष्ट असली पाहिजे.

युरोपीय संघाने २००४ मध्ये संमत केलेल्या नियमात ही काळजी घेण्यात आली. १,५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला २५० युरो, युरोपबाहेरच्या ३,५०० पर्यंतच्या उड्डाणाला ४०० आणि त्यापुढे ६०० युरो, अशी भरपाई ठरवतानाच अंतर महावृत्त पद्धतीने मोजावे, असे त्याच नियमात लिहिले गेले. विमानाने वळसा घेतला, वादळ टाळले की कोणत्या देशाची हद्द बंद होती, याच्याशी प्रवाशाच्या हक्काचा संबंध राहत नाही. फ्रँकफर्टहून मुंबईला निघालेल्या मराठी विद्यार्थ्याला, विमान कोणत्याही कंपनीचे असले तरी, हाच नियम लागू होतो. वादाला जागा उरत नाही ती एका ओळीच्या स्पष्टतेमुळे.

तीन धावपट्ट्यांमधील तालुका

अंतराच्या या चर्चेत सर्वांत महत्त्वाचे अंतर बहुधा मोजलेच जात नाही. ते म्हणजे घरापासून विमानाच्या दारापर्यंतचे. लोहाऱ्याच्या बाबतीत हे अंतर विचित्र आहे. धाराशिव, लातूर आणि सोलापूर अशी तीन विमानतळे येथून सरळ रेषेत साठ किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जवळ आहेत. राज्य सरकारने २००९ मध्ये लातूर, उस्मानाबाद, नांदेड, यवतमाळ आणि बारामती येथील विमानतळे ९५ वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे सोपवली, तेव्हा मराठवाड्याच्या आकाशात विमानांची वर्दळ सुरू होईल, असे चित्र रंगवले गेले होते. धाराशिवच्या वाट्याला नियमित प्रवासी सेवेचे ते चित्र आले नाही.

सोलापूरची कथा थोडी वेगळी. धावपट्टीच्या मार्गात येणारी साखर कारखान्याची चिमणी दीर्घ वादानंतर जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. नूतनीकृत विमानतळाचे उद्घाटन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. त्यानंतर ९ जून २०२५ रोजी गोव्याची आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. शेजारच्या कर्नाटकात कलबुर्गी विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्येच खुले झाले होते. लोहाऱ्याहून कलबुर्गीदेखील हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्या घरात आहे.

तरीही दूरच्या प्रवासाला निघालेल्या येथील माणसाला उमरगा किंवा सोलापूर गाठून पुणे वा हैदराबादचा महामार्ग धरावा लागतो, मुंबई तर त्याहून दूर. तासाभराच्या उड्डाणासाठी रस्त्यावर पाच-सहा तास घालवायचे, असा हा व्यवहार आहे. धावपट्टी जवळ असणे आणि विमान जवळ असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाडेमर्यादेचे टप्पे आखताना किंवा विमानतळांची संख्या जाहीर करताना हे अंतर कोणत्याही रकान्यात येत नाही.

उपाय अवघड नाहीत. अंतरावर आधारलेल्या प्रत्येक नियमात तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. पहिली, अंतर महावृत्ताचे धरावे. दुसरी, ते 'डब्ल्यूजीएस-८४' प्रणालीतील अधिकृत संदर्भबिंदूंपासून मोजावे. तिसरी, काठावरचा आकडा आल्यास संशयाचा फायदा प्रवाशाला मिळावा. देशातील विमानतळांच्या जोड्यांची अंतरे एकदाच मोजून त्यांची यादी प्रसिद्ध केली आणि तिकिटावर तो आकडा छापला, तर कोणत्याही प्रवाशाला आपला टप्पा स्वतः पडताळता येईल. रेल्वेच्या तिकिटावर अंतर छापण्याची पद्धत आपल्याकडे परिचयाची आहेच. विमानाच्या तिकिटाला तिचे वावडे असण्याचे कारण नाही.

दोनशे वर्षांपूर्वी याच दख्खनच्या माळांवर साखळी टाकून इंचाचा हिशेब ठेवला गेला. आज उपग्रहांच्या मदतीने धावपट्टीचा मध्य मीटरच्या आत सांगता येतो. अशा काळात पुणे-हैदराबाद अंतर पाचशेच्या अलीकडे की पलीकडे, या प्रश्नाचे उत्तर तिकीट विकणाऱ्याच्या मर्जीवर राहू नये. ते नियमात असावे, आणि नियम करणाऱ्यांनी धावपट्टीपासून पुढच्या अंतराबरोबरच धावपट्टीपर्यंतचे अंतरही कधीतरी मोजावे. लोहाऱ्यावरून विमाने जातात, हे येथील लोकांना ठाऊक आहे. त्यांत बसायचे तर आणखी किती चालावे लागणार, हा त्यांचा प्रश्न आहे.